चुलीवरून गेलेली शीव

ओकच्या झाडांत रस चढला होता. साल खोडाला नुसती टेकून होती. पटाशी घालून मनगट वळवलं की हातभर लांब पट्टा सुटून यायचा. कातडी कमावणाऱ्यांना ही साल लागते आणि ती निघते फक्त वसंतात, म्हणून थॉर्नडीनच्या रानात सकाळपासूनच बायका आडव्या पाडलेल्या खोडांवर जाऊन बसायच्या. डॉर्कस फनेल या कामात पटाईत. पण त्या दिवशी तिची पटाशी दोनदा घसरली. दुसऱ्यांदा ती अंगठ्याच्या मुळाशीच लागली. सालीच्या रसानं हात इतके काळे झाले होते की रक्त आलेलंही कळेना.

"लक्ष कुठं हाय गं तुजं?" शेजारच्या खोडावरून पेशन्सनं विचारलं. पेशन्स गावची सुईण. साल सोलायच्या दिवसांत ती साल सोलायची, एरवी बाळंतपणं करायची. "लेकीला, सेलिनाला, कळा लागल्या काय?"

"अजून न्हाई. पर पोट खाली उतरलंय." डॉर्कसनं अंगठा तोंडात घातला आणि कडू लागला म्हणून थुंकली. "पेशन्स, तू येशील न्हवं?"

पेशन्सनं पटाशीवर दोन ठोके जास्तच मारले. "येईन की. म्हनजे... बॉटिंग मालक काय म्हनत्यात ते बगू आदी."

सुईणच जर असं बोलायला लागली तर पुढचं काय बोलायचं? तिनं पुन्हा पटाशी उचलली.

मालक स्वतःच आले, दुपारच्या भाकरीला सगळ्या बसल्या तेव्हा. जॉर्ज बॉटिंग म्हणजे गावातला सगळ्यात मोठा शेतकरी आणि त्या सालचा गावचा कारभारी. गरिबांचं बघायचं काम आळीपाळीनं एकेका शेतकऱ्याच्या गळ्यात पडायचं, तसं ते यंदा यांच्या गळ्यात पडलेलं. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या. डॉर्कसचा नवरा ईनक गेली कित्येक वर्षं यांच्याच शेतावर राबत होता, आणि थंडीत काम नसलं की यांनीच त्याला रस्त्याची खडी फोडायला लावून पाव मिळवून दिलेला होता.

घोडीवरून न उतरताच ते म्हणाले, "डॉर्कस, वड्यापल्याड चिडहर्स्टला तुजी नणंद असती न्हवं?"

"मेली ती, मालक. दोन वर्सं झाली."

"आरं आरं. मग दुसरं कुनी आसंलच की. माजी गाडी उद्या रिकामी चाललीया तिकडं. म्हनलं पोरीला तेवढाच हवापालट."

रांगेतल्या बायकांच्या तोंडातले घास थांबले. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

"नऊ म्हैने भरल्यात तिला," डॉर्कस म्हणाली. "तुमच्या गाडीत वाटंतच मोकळी व्हायची."

"वाटंत झाली तरी काय बिघडलं? वड्याच्या पल्याड झाली म्हंजे झालं." मालक हसले, पण त्यांचे डोळे हसत नव्हते. "बग बाई, मी आपलं गोडीत सांगतोय. गाव गरिबांपायी कर भरून भरून कावलंय. गुरुवारी समद्या गावानं शीव चालायची हाय. तुज्या घरात आमी येनारच, दरसालचं हाय ते. तवा पोरगी कुठं निजलीया ते सगळं गाव बगंल. मग मला नावं ठेवू नगंस."

घोडी वळवून ते गेले. पेशन्स चीज कुरतडत खाली बघत बसली होती. डॉर्कसनं उरलेला कांदा फडक्यात बांधून ठेवला.

फनेलांचं घर हा दोन्ही गावांत चेष्टेचा विषय होता. जुन्या काळी हातोडा-तळ्यापाशी लोखंडाची भट्टी होती, तळ्याच्या पाण्यावर तिचा हातोडा चालायचा. तिथं तोफा ओतल्या जायच्या. भट्टीच्या पोटात अर्धं जंगल गेलं, मग भट्टी विझली आणि तळ्यात बदकं राहिली. ईनकचा आजा त्या भट्टीवरचा माणूस. काम गेल्यावर त्यानं भट्टीच्या मळीचे काळे दगड गोळा केले आणि शिवेवरच्या पडीक तुकड्यात घर बांधलं. त्या तुकड्यासाठी थॉर्नडीन आणि चिडहर्स्ट दोन पिढ्या भांडत होते. एका साली तर शीव चालताना दोन्हीकडच्या लोकांनी काठ्यांनी एकमेकांची डोकी फोडली होती. शेवटी तोड निघाली ती अशी, की तळ्याच्या बांधापासून निघालेली शीव फनेलांच्या चुलीवरून जाते आणि पुढे पाद्री ज्या मोठ्या ओकखाली शुभवर्तमान वाचतात तिथं पोचते. चुलीच्या पूर्वेला दार, टेबल आणि नवराबायकोची खाट, ते थॉर्नडीन. पश्चिमेला पावाची भट्टी आणि तिच्या उबेला सेलिनाचं अंथरूण, ते चिडहर्स्ट. ईनकचा बाप म्हणायचा, आमचा पाव परगावी भाजतो आणि आम्ही तो स्वगावी खातो. लोक हसायचे. चर्चचा लाकडी फळ्यांचा कळस चिडहर्स्टच्या बाजूला जरा कलला होता, त्यालाही म्हणायचे, फनेलांच्या भट्टीचा वास घेतोय.

आता कुणी हसत नव्हतं. कायदा असा की गरिबाला त्याच्या गावानं पोसायचं, आणि ज्याचं घर ज्या गावात ते त्याचं गाव; दार आणि खाट थॉर्नडीनात, म्हणून फनेल थॉर्नडीनचे. पण सेलिनाच्या पोराला बाप नव्हता. म्हणजे होता, सालीच्या गाड्या हाकणारा एक देखणा गाडीवान; पण तो गाडी घेऊन गेला तो गेलाच. बिनबापाचं पोर जिथं जन्मेल त्या गावचं. सात वर्षांचं होईतो ते आईजवळ राहतं, मग आई दुसऱ्या गावची असली तर ज्या गावचं ते गाव येऊन त्याला घेऊन जातं.

आणि ते घेऊन जाणं म्हणजे काय, हे डॉर्कसला कुणी सांगायला नको होतं. ती स्वतः चिडहर्स्टच्या गरीबघरात वाढली होती. थंडीत तिच्या हाताच्या बोटांना अजून त्या गरीबघराची आठवण यायची: जुने दोर उसवून उसवून नखांच्या कडा सोललेल्या, आणि चौघींत एक गोधडी. आठव्या वर्षी तिला एका वीटभट्टीवाल्याकडे धाडलं. लग्न करून थॉर्नडीनला आली तेव्हा चर्चच्या दारात तिनं मनाशी म्हटलं होतं, सुटले. माझं कुणी आता तिकडं जायचं नाही.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सेलिना भट्टीला पाठ लावून, पाय फाकून बसली होती. पाय सुजून पावासारखे झाले होते.

"ऊठ. सामान उचल," डॉर्कस म्हणाली. "आजपास्नं तू आमच्या खाटंवर निजायचं."

"तिथं गळतंय आये. हितं ऊब हाय."

"ऊब हाय पर चिडहर्स्ट हाय. ऊठ म्हनते ना."

ईनक दारात बूट काढत होता. मोठ्या हाडांचा, कमी बोलणारा माणूस. काही झालं तरी "बगू" म्हणायचा आणि मूग गिळून बसायचा. डॉर्कसनं त्याला बॉटिंगचं सगळं बोलणं सांगितलं. त्यानं बूट ओंजळीत धरून ऐकलं.

"अवं, काय तरी बोला की. बूट काय बोलनार हाय?"

"खाट सरकवू या," ईनक म्हणाला.

"कशापायी? खाट तर थॉर्नडीनातच हाय."

"जरा दाराकडं घेऊ."

"दारात वारा लागंल पोरीला."

"घे म्हनतो ना!"

ईनक आवाज चढवून बोलला म्हणजे आश्चर्यच. डॉर्कसनं पदर खोचावा तसा स्कर्ट कमरेला खोचला आणि खाटेचा पाय धरला. खाट ओकची, ईनकच्या बापानं केलेली, ढकलताना जमिनीतल्या विटा उखडायला लागल्या. ईनकची कंबर गेल्या गवताच्या हंगामात गेली होती, तो मध्येच दात आवळून वाकलेलाच राहिला. तरी त्यानं ढकलणं थांबवू दिलं नाही. दार अर्धंच उघडेल इतकी ती उंबऱ्याशी नेऊन टेकवली तेव्हा त्याचं समाधान झालं. समाधान तरी कसलं, तो उंबऱ्याकडे बघत उभा राहिला आणि घाम पुसत राहिला. डॉर्कसला वाटलं, माणूस घाबरलाय. सगळेच घाबरलेत.

गुरुवार उजाडला तो पावसाचा. मोठा पाऊस नव्हता, नुसती अंगाला चिकटणारी बुरबुर. येशू स्वर्गात गेला तो हा दिवस, या दिवशी गाव आपली शीव चालतं. ईनकला पहाटेच जावं लागलं. बॉटिंग मालकांनी बिअरचं पिंप खांद्यावर वाहायला त्यालाच नेमलं होतं. तो बाहेर पडला आणि घटकाभरात सेलिनानं खाटेची फळी धरली.

"आये, कंबर फुटतीया."

आजच. आजच व्हायचं होतं. तिनं पाणी ठेवलं, चादर फाडली, लोणी काढून ठेवलं. शेजारच्या शेतातली एक पोर पेशन्सकडे पिटाळली. पोर धापा टाकत परत आली आणि म्हणाली, पेशन्सकाकू शीव चालायला गेल्यात, म्हनाल्या लोकांबरुबरच येते.

"आनि तवर?"

"तवर पोरीला म्हनावं दम धर, असं म्हनाल्या."

डॉर्कस हसली. हसू आलं ते रागाचं होतं. दम धर! जसं काही पोर दारात टकटक करून विचारणार होतं, येऊ का आता?

कळा जवळजवळ यायला लागल्या. सेलिना ओरडायची नाही, तिच्या तोंडात डॉर्कसनं चामड्याचा पट्टा दिला होता, आणि ती तो चावताना घोड्यासारखी फुरफुरायची. छपरातून थेंब तिच्या कपाळावर पडत होते. डॉर्कस एका हातानं तिची कंबर चोळत होती आणि कान बाहेर लावून होती. बांधावरून गाणं ऐकू यायला लागलं. मग हातघंटा. मग शिवेच्या दगडावर विलोच्या झाडाच्या फोका सटासट आपटल्याचा आवाज: तळ्याचा दगड झाला, म्हणजे आता आपलंच घर.

दार खाटेला आपटलं. "आरं, दाराला काय झालं?" बॉटिंग मालकांचा आवाज.

"पोरगी अडलीया," डॉर्कसनं फटीतून सांगितलं. "मालक, हात जोडते, आज भाईरूनच जावा."

"दरसालचं हाय ते. चुलीला फोक लागल्याबिगर शीव पुरी हुईत न्हाई." अंग चोरून मालक आत शिरले. त्यांच्या मागून पाद्री लॅशमार, पायघोळ पांढरा झगा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. मग गावचे चार शेतकरी. मग पिंप घेऊन वाकलेला ईनक. डॉर्कसनं खाटेपुढं एक चादर धरली आणि तीच पडद्यासारखी उभी राहिली. घरात ओल्या लोकरीचा आणि बिअरचा वास भरला.

मागच्या खिडकीत आणखी एक तोंड दिसलं. चिडहर्स्टचे कारभारी अ‍ॅकहर्स्ट, हडकुळा, सर्दीनं नाक लाल झालेला माणूस. ते आपली पाच-सहा माणसं घेऊन ओकखाली टपूनच बसले होते.

"मी नुसता बगायला आलोय," अ‍ॅकहर्स्ट खिडकीतून म्हणाले. "खाट चुलीच्या पूर्वेला हाय. म्हंजे थॉर्नडीन. पोर तुमचं. आमी निघालो."

"थांबा की, पावनं," बॉटिंग म्हणाले. "येवडी घाई बरी न्हवं." ते चुलीपाशी गेले, फोक उचलली, पण मारली नाही. खोलीभर नजर फिरवून ते उंबऱ्यापाशी आले आणि बुटाच्या टाचेनं तिथली जमीन ठोकली. "ही चूल नवी हाय, पाद्रीसाहेब. मी सा-सात वर्सांचा आसंन, तवा घर जळालं होतं ह्यांचं. त्याआधी चूल हितं होती. दाराला लागून. ह्या जागेवर माज्या बानं मला उचलून धरलं आनि बुडावर आपटलं, शीव ध्यानात ऱ्हावी म्हनून. तीनदा. माजं बूड इसरंल व्हय?"

दारातली माणसं हसली. शिवेच्या दगडांवर पोरांना आपटायची पद्धतच होती, आणि जमलेल्या प्रत्येकाच्या बुडाला एकेक दगड ठाऊक होता. त्यामुळे बुडाची साक्ष कुणाला खोटी वाटली नाही.

"म्हंजे शीव उंबऱ्यावरून जाती," बॉटिंग म्हणाले. "आतलं सगळं घर चिडहर्स्टचं. खाटंसकट."

"वा रे वा!" अ‍ॅकहर्स्टनी खिडकीतून शिंकत ओरडून सांगितलं. "ह्याच तुकड्यापायी तुज्या आज्यानं माज्या आज्याचं डोकं फोडलं! आनि आज फुकट देतोयस?"

"न्यायाची गोष्ट हाय. तुमचं ते तुमाला."

"आमाला नगं! पन्नास वर्सं चुलीवरून चाललोय, आजबी चुलीवरूनच चालनार!"

डॉर्कस चादर धरून उभी होती. दोन्ही गावं तिच्या लेकीच्या खाटेखालची जमीन एकमेकांकडे ढकलत होती, खरकटं ताट ढकलावं तशी. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "अवं, खरं हाय का हे? चूल हितं होती?"

ईनकनं पिंप खाली ठेवलं. तो उंबऱ्याकडेच बघत होता, परवासारखा, आणि डॉर्कसला एकदम कळलं की खाट दाराकडे का सरकवली.

"बा म्हनायचा तसं," ईनक हळूच म्हणाला. "दारातल्या वाऱ्यानं धूर कोंडायचा, म्हनून मंग मदी बांधली."

"मला कदी सांगितलं न्हाईत!"

"कशाला सांगायचं? हासन्यावारी चाललं होतं समदं."

पाद्री लॅशमार अस्वस्थ झाले होते. "मिस्टर बॉटिंग, आत बाई अडली आहे. हा वाद आपण नंतर..."

"नंतर कसा, साहेब? पोर काय नंतर येनार हाय?"

तेवढ्यात सेलिनाच्या तोंडातला पट्टा सुटला आणि ती ओरडली. असं ओरडली की दारातल्यांनी टोप्या काढल्या. पेशन्स त्या गर्दीत होती. ती पुढे यायला लागली आणि बॉटिंगनी नुसता हात आडवा केला, तशी थबकली. डॉर्कसनं ते पाहिलं. हात काही जोराचा नव्हता, दारावर टेकवलेला होता फक्त, पण त्यावर पेशन्सचं सगळं पोट अवलंबून होतं.

मग डॉर्कसनं विचार केला नाही. विचार करायला तिला कुणी वेळ दिला नव्हता. तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती: उंबऱ्याच्या बाहेर थॉर्नडीन आहे. त्याबद्दल कुणाचंच भांडण नाही, ना जुन्या चुलीचं ना नव्या. तिनं चादर टाकली आणि लेकीच्या काखेत हात घातले.

"ऊठ सेले."

"न्हाई आये, न्हाई, डोस्कं आलंय खाली..."

"येऊ दे. चार पावलं हायत. ऊठ माजी बाय!"

"अगं काय करतीस!" पाद्री पुढे झाले.

"सरका, साहेब." ईनक बोलला. कंबर गेलेल्या त्या माणसानं लेकीला दुसऱ्या बाजूनं उचललं आणि तिघं मिळून दारातून निघाले. बॉटिंग मालकांना बाजूला व्हावं लागलं. त्यांच्या कोटाला सेलिनाचा ओला गाऊन घासून गेला.

बाहेर घेवड्याचा वाफा होता, फुलावर आलेला. जास्त पुढे जाता आलंच नाही. सेलिना वाफ्यातच गुडघ्यांवर बसली, घेवड्याची दांडकी तिच्या मुठीत मोडली. बुरबुर चालूच होती. शीव चालायला आलेलं अख्खं गाव उभं होतं, म्हातारे, पोरं, कुत्री. सेलिनाला तेवढ्यातही लाज वाटली. ती आईच्या पोटात तोंड खुपसून म्हणाली, "आये, समदी बगत्यात."

आता पेशन्सला कुणी अडवलं नाही. ती चिखलात फतकल मारून बसली आणि ओरडली, "बायांनो, शाली काढा! आनि बाप्यांनो, पाठी फिरवा, कंदी कुनाच्या पोटी आलाच न्हाईत काय?" बायका पुढे झाल्या. ओल्या शालींची भिंत झाली. पुरुषांनी पाठी फिरवल्या, पाद्रींनीही. टोपी छातीशी धरून ते पावसात उभे राहिले आणि पुटपुटत काहीतरी म्हणत राहिले.

पोर आलं ते फार वेळ न लावता. मुलगी. अंगाला चिखल आणि घेवड्याची पांढरी फुलं चिकटलेली. पेशन्सनं पाय धरून उलटी केली तशी रडली, आणि शालींच्या भिंतीमागून कुणीतरी म्हणालं, "आवाज तर थॉर्नडीनचाच हाय!" सगळे हसले. शेतकरीसुद्धा हसले.

डॉर्कसनं नातीला आपल्या अंगावरच्या शालीत घेतलं. कुणाच्याही आधी ती बॉटिंग मालकांसमोर जाऊन उभी राहिली.

"थॉर्नडीनच्या मातीत झाली, मालक. समद्यांनी बगितलं."

तिला वाटलं होतं माणूस भडकेल. पण बॉटिंगनी टोपी नीट केली आणि मान डोलावली. "बगितलं. मी बी बगितलं. पाद्रीसाहेब, पोरगी आमच्या गावची. मला मान्य हाय, सगळ्यांदेखत."

डॉर्कसच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "उपकार झाले मालक," ती म्हणाली, आणि आपल्याच तोंडचे उपकाराचे शब्द ऐकून तिला लाज वाटली, पण शब्द निघून गेले होते.

"उपकार कसले? पोरीला खाटेवरनं उठवून भाईर तूच आनलीस. म्हंजे घर थॉर्नडीनात न्हाई हे तुलाबी ठावं हाय. ईनकलाबी ठावं हाय, त्यानं आत्ताच कबूल केलं." बॉटिंग वळून अ‍ॅकहर्स्टना म्हणाले, "काय पावनं? घरवाल्यांनीच शीव दाखवली. आता तुमी काय म्हनता?"

अ‍ॅकहर्स्टनी तोंड उघडलं. दोन गावची माणसं त्या वाफ्याकडे, त्या दाराकडे बघत होती. "आनि ही तिघं?" अ‍ॅकहर्स्ट चिरक्या आवाजात म्हणाले. "ईनक, त्याची बायकू, ती पोरगी?"

"घर तुमचं, तर घरातली मानसं तुमची. एक आमची, तीन तुमची. म्हातारपनी त्याची कंबर मोडली की पाव तुमी द्यायचा." बॉटिंगच्या आवाजात विजय नव्हता. ओझं उतरवून ठेवलेल्या माणसाचा आवाज होता तो. "ईनक, वाईट वाटून घेऊ नगंस. थंडीत तिकडं इचार कामाचं. मी गावाला जाब देनं लागतो."

ईनकनं मान हलवली. "बगू," तो म्हणाला.

पाद्रींनी पाऊल मागेपुढे केलं, काही बोलतील असं वाटलं. मग त्यांनी पुस्तक उघडलं. वाचलं. फोकांनी उंबऱ्याला मार बसला. एका पोराला काखेत धरून उंबऱ्याच्या दगडावर तीनदा आपटलं, ते रडलं, त्याच्या हातावर गोड पाव ठेवला. झालं. तिघांचं गाव बदललं होतं. हातघंटा वाजली आणि लोक वाफा तुडवून ओकाकडे निघाले. अ‍ॅकहर्स्ट बॉटिंगच्या बरोबरीनं चालत अजून भांडत होते, पण आता ते पाऊल मागे टाकत भांडणाऱ्या माणसासारखे भांडत होते.

पेशन्सनं आणि ईनकनं सेलिनाला आत नेऊन खाटेवर निजवलं. पेशन्स हात धुऊन बाहेर आली. डॉर्कस पोर घेऊन दारातच उभी होती. पेशन्सनं तिच्याकडे बघायचं टाळलं. "दूध पाजायला ने लौकर," एवढंच म्हणाली आणि घाईघाईनं गावामागे गेली.

आतून सेलिनाची हाक आली. थकलेली, पण सुखाची हाक होती ती. "आये, आन की तिला हिकडं. पान्हा फुटलाय. कुनावर गेलीया बगू तरी."

डॉर्कसचा पाय उंबऱ्याशी अडला. शालीत ते तोंड नुसतं उघडत मिटत होतं. लेकीला वाचवायला नव्हे, या तोंडाला वाचवायला तिनं सगळं केलं होतं, आणि तिनंच, स्वतःच्या हातांनी, हिला एका गावात टाकून हिच्या आईला दुसऱ्या गावात लोटलं होतं. चिडहर्स्टचं गरीबघर आता ईनकचं झालं, तिचं पुन्हा झालं. आणि एक दिवस थॉर्नडीनची गाडी या दारात उभी राहील आणि म्हणेल, आमचं पोर द्या. इतकी वर्षं ज्या गोष्टीला ती भीत आली, ती तिनंच सगळ्या गावाला साक्षीला बोलावून केली होती.

"जा की आत," ईनक म्हणाला. तो दाराच्या खांबाला टेकून कंबर दाबत होता. तिच्याकडे त्याला बघवत नव्हतं. काहीतरी धीराचं बोलावं म्हणून तो शब्द शोधत होता, आणि शेवटी त्याला जे सापडलं ते तो बोलला. "सात वर्सं हायत की अजून."

पोर भुकेनं टाहो फोडून रडायला लागलं, तशी डॉर्कस उंबरा ओलांडून चिडहर्स्टात गेली.